गुलाबी भिंतीवरचा उजवा हात

१

शिल्पाची किंकाळी आली तेव्हा मी चहात बिस्किट बुडवलं होतं. ते कपातच सोडून मी हॉलमध्ये धावले.

देवघराच्या दाराशेजारची भिंत मोकळी झाली होती. कालपर्यंत तिच्यावर कुंकवाचे दोन हात होते. माझी वहिनी महानंदा लातूरच्या या घरात पहिल्यांदा शिरली, त्या दिवशी तिनं कुंकवाच्या पाण्यात तळवे बुडवून ते उमटवले होते. वहिनी जाऊन, लिंगैक्य होऊन, पाच वर्षं झाली. महिन्यापूर्वी घराला नवा रंग दिला, तेव्हाही रंगाऱ्यानं हातांभोवतीचा जुना चौकोन तेवढा सोडला होता. आता चौकोन नव्हता आणि हातही नव्हते. तिथं ओला, फिकट गुलाबी रंग चमकत होता. सगळ्या हॉलला आहे तोच.

आणि त्या ओल्या जागेखाली स्वप्नाली, म्हणजे माझा भाचा मल्लेश याची बायको, गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. तिच्या हातातलं फडकं गुलाबी झालं होतं. जवळच रंगाचा डबा उघडा पडला होता.

"माझ्या आईचे हात पुसलीस?" शिल्पाचा आवाज फाटला. शिल्पा ही माझी भाची, मल्लेशची थोरली बहीण, उदगीरला दिलेली. "अगं, आईची तेवढीच खूण राहिली होती घरात!"

स्वप्नालीनं वर पाहिलं. शिल्पाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग आमच्या पलीकडं दारात उभ्या असलेल्या तिच्या सासऱ्याकडं, म्हणजे माझ्या भावाकडं, अण्णाकडं पाहिलं. आणि फडकं पिळायला लागली.

"बोल की गं काहीतरी," मी म्हणाले.

"मला काय बी बोलायचं न्हाई, आत्याबाई."

२

मी उमादेवी. किनवटकडं मुलींच्या एका निवासी शाळेत गृहपाल म्हणून नोकरीचा जन्म काढला, आता नांदेडला राहते. वसतिगृहात कुणाची साबणाची वडी गेली, कुणाच्या डब्यातला लाडू गेला, की तपास माझ्याकडं. पोरी माघारी मला सीआयडी बाई म्हणायच्या आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तिथं मी एक गोष्ट शिकले. घाबरलेली पोर माझ्याकडं बघत नाही. शरमलेली पोर त्या वस्तूकडं बघत नाही.

आदल्या दिवशी वहिनीचं पाचवं पुण्यस्मरण होतं, त्यासाठी मी लातूरला आले होते. स्वामी आले, पूजा झाली, प्रसादाला गल्लीतल्या बाया लोटल्या. त्यांना जेवणापेक्षा भिंतीचं अप्रूप जास्त. वहिनीचा डावा हात इतक्या वर्षांत तपकिरी होऊन विरत चालला होता, उजव्याचं कुंकू मात्र ताजं लाल. वहिनीची पुण्याई म्हणत बाया रांगेनं त्या उजव्या हाताला डोकं टेकवत होत्या.

माझी जीभ गप्प बसली असती तर मी उमा कसली! मी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी गेल्यावर तिचा उजवा हात वाढला की काय गं? वर देवाघरी बी हिलाच भाकरी थापाय लावल्यात वाटतं!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मल्लेशही हसला. अण्णा पंगतीतून उठून हात धुवायला गेला. मी आणखी एक जिलेबी घेतली.

आणि आज सकाळी हे.

मल्लेश स्वामींना मठात सोडायला गेला होता, रात्री तिकडंच राहिला होता. तो आला, भिंत बघितली, बायकोच्या हातातलं फडकं बघितलं. त्यानं विचारलं काहीच नाही. खिशातून फोन काढला आणि नांदेडला सासऱ्यांना, रामलिंगअप्पांना लावला.

"मामा, तुमच्या लेकीला घेऊन जावा. आजच."

रामलिंगअप्पांची ही लेक मीच या घराला सुचवली होती. साखरपुड्यात मी छाती काढून फिरले होते. रामलिंगअप्पा नांदेडहून निघाले की संध्याकाळपर्यंत दारात हजर होणार होते. तेवढ्या वेळात मला ही भिंत कुणी रंगवली ते काढायचं होतं. ते निघालं नाही, तर ती पोरगी एका रंगाच्या डब्यापायी माहेरी जाऊन बसणार होती.

"मल्लेश," मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कुणी त्या भिंतीला हात लावायचा न्हाई. तपास मी करणार."

"तपास कशाचा आत्या? समोर तर हाय सगळं."

"समोर असतंय तेच मला आवडत न्हाई," मी म्हणाले, मोठ्या ऐटीत. त्या ऐटीची आता आठवण आली तरी कानाच्या पाळ्या तापतात.

३

पहिली शिल्पा. तिला मी स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा दिला. हातात कप असला की माणूस खोटं जरा कमी बोलतं.

"रंगावरूनच सुरू झालंय सगळं," शिल्पा नाक ओढत म्हणाली. "मी म्हणलं पिस्ता घे, मोतिया घे. न्हाई. हाच गुलाबी पायजे. मी म्हणलं, हॉल हाय का बाळंतिणीची खोली? तर गप बसली अन् तोच मारली."

रंगाबद्दल शिल्पा जरा जास्तच बोलत होती. वाईट नव्हता तो. साईवर चिमूटभर कुंकू सांडावं आणि बोटानं फिरवावं, तसा मऊ, ऊबदार. दुपारच्या उन्हात तर त्या हॉलमध्ये बसलेल्या माणसाचा चेहरा बरा दिसायचा. पण घरोघरी पांढरा नाहीतर पिस्ता असताना हिनं हाच का धरून ठेवला, हा प्रश्न होताच.

"अजून एक सांगू?" शिल्पा पुढं झुकली. "रंग द्यायच्या आधी मलाच इचारली, त्या हातांपुढं पडदा लावू का म्हणून. कामून? आईचे हात काय लपवायची चीज हाय?"

हे मात्र मला बोचलं. शिल्पावर संशय घ्यायला जागा नव्हती, रात्रभर ती माझ्या शेजारी घोरत होती. मल्लेश गावातच नव्हता. घरात राहिले अण्णा आणि स्वप्नाली. पडद्याचं ऐकल्यावर मला वाटलं, उमादेवी, तू सोयरीक जमवताना डोळे कुठं ठेवले होतेस?

स्वप्नाली तिच्या खोलीत बॅग भरत होती. रडत नव्हती. घड्या नीट घालत होती.

"तू केलंस का गं?"

"तसं समजा."

"समजायला मी काय खुळी हाय? तोंडानं सांग."

तिनं पुढच्या साडीची घडी घातली. मी दुसऱ्या बाजूनं गेले. "बरं, हा रंग कामून घेतलास एवढा हट्ट करून?"

या प्रश्नाला ती कानापर्यंत लाल झाली. चोरी विचारली तेव्हा नाही, रंग विचारला तेव्हा. "आवडला म्हणून," ती म्हणाली आणि मनगटातल्या पाटल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. वहिनीच्या पाटल्या होत्या त्या, लग्नात अण्णानं सुनेला घातलेल्या. तिच्या हातातून अलगद निघाल्या. माझ्या बोटांच्या पेरांवरच अडल्या. वहिनीचा हात बारीक, तसाच हिचा. माझा आमच्या बापावर गेलेला.

"ह्या घरात ठेवा. अन् आत्याबाई," ती दाराकडं बघत म्हणाली, "मामांनी नाष्टा केला का? सकाळपासनं गोळी न्हाई घेतली त्यांनी."

घर सोडून निघालेली पोर सासऱ्याच्या गोळीची चौकशी करत होती. मला काहीच कळेना झालं.

४

अण्णा ओसरीत बसला होता. त्याची आरामखुर्ची बारा महिने हॉलमध्ये त्या हातांसमोर असते. सकाळी लिंगपूजा झाली की तो तिथं बसतो, आडत दुकान मल्लेशच्या हाती दिल्यापासून दिवसभर तिथंच. आज खुर्ची ओसरीत होती आणि तिची पाठ हॉलकडं. ऊन असूनही अंगावर उपरणं, दोन्ही हात उपरण्यात.

मला वाटलं, दुःखानं. बायकोची खूण गेली, माणूस दुसरं काय करणार? मी जवळ बसून त्याची समजूत काढली. "मी काढते अण्णा कुणी केलं ते. सोडत न्हाई मी."

"जाऊ दे उमा," तो म्हणाला. "उगं कशाला."

"जाऊ दे कसं? सून चालली घर सोडून."

अण्णानं उपरणं अंगाभोवती आणखी ओढून घेतलं. तेवढ्यात फाटक वाजलं. मी बोलावलेला रंगारी आला होता.

लिंबाजी मूळचा नांदेडकडच्या लोहा गावचा, लातुरात रंगकाम करतो. त्यानं भिंतीसमोर उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि आधी स्वतःची बाजू मांडली. "माझ्यावर घालू नका बाई. हे रंगाऱ्याचं काम न्हाई. कडा बघा, ब्रश कसा ओढलाय. अन् प्रायमर मारलाच न्हाई."

"मग?"

"मग काय, कुंकवावर नुसता रंग टिकत न्हाई. कुंकू खालून वर येतंय. जुनं, वाळून मुरलेलं असलं तर येत बी न्हाई एखादेवेळी, पण ताजं असलं की हमखास. पयला प्रायमर मारून बंद करावं लागतंय." त्यानं जिन्याखालचा प्रायमरचा डबा आणून दाखवला. झाकण जसंच्या तसं बंद. "हे स्वप्नालीताईला चांगलं ठाव हाय की. हातांच्या चौकोनाभवती कुंकू लागलेलं होतं, तिथं ताईनंच माझ्याकडनं दोनदा प्रायमर मारून घेतला. म्हणली, डाग वर आला न्हाई पायजे."

माझ्या डोक्यात पहिली कळ फिरली. जिला प्रायमरचं इतकं ठाऊक, तिला ते हात मिटवायचे असते तर तिनं बंद डब्याकडं पाठ केली नसती. हे काम रंगातलं काही न कळणाऱ्याचं होतं. म्हणजे स्वप्नाली नव्हे.

"आता मला सांग लिंबाजी, हा रंग कुणी निवडला?"

"ताईनंच. लई गंमत झाली बघा. दुकानात रंगांचं पुस्तक दाखवाय लागलो तर बघंना. रुमालात बांधलेला एक पापुद्रा काढली, म्हणली ह्याच रंगाचा द्या. दुकानदारानं मशीनवर तसाच्या तसा जुळवला."

"पापुद्रा कशाचा?"

"ह्याच भिंतीचा. हातांच्या चौकोनाला लागूनचा. मी भिंत घासायच्या आधी तिनंच सुरीनं काढून घेतला होता."

मी लिंबाजीकडं बघत राहिले. ही भिंत आधीपासून पांढरी होती. चुन्यासारखी पांढरी, मी स्वतः बघितलेली. मग पांढऱ्या भिंतीचा पापुद्रा गुलाबी कसा निघाला?

५

दुपारी जेवणाला कुणी बसलं नाही. मल्लेश दुकानाला जातो म्हणून गेला आणि दारातल्या मोटारसायकलवरच बसून राहिला. मी हॉलमध्ये एकटी, हातात वहिनीच्या पाटल्या.

ऊन खिडकीतून भिंतीवर आलं आणि लिंबाजीचं बोलणं खरं झालं. गुलाबी रंगाखालून आधी एक लालसर डाग वर आला. मग बोटं. रंग वाळत जाईल तसा तो हात स्पष्ट होत गेला.

एकच हात. उजवा.

डावा आलाच नाही. लिंबाजी म्हणाला होता, जुनं कुंकू येत नाही, ताजं हमखास येतं. म्हणजे डावा हात पहिल्या दिवसाचा, वहिनीचा. आणि उजव्यावरचं कुंकू ताजं. पुण्याईनं ताजं राहिलेलं नव्हे, कुणीतरी भरत आलेलं.

मी उठले आणि माझा पंजा त्या डागावर ठेवला. ठसा माझ्या बोटांच्या चहूकडून बाहेर राहिला. वहिनीच्या पाटल्या माझ्या पेरांवर अडतात, म्हणजे माझाच हात तिच्याहून मोठा. आणि हा माझ्याहून मोठा. काल मी जे थट्टेत बोलले ते अक्षरशः खरं होतं. हात वाढला होता.

मग मी करंगळी बघितली. भिंतीवरची करंगळी मधल्या पेरातून बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

ती करंगळी मी लहानपणापासून ओळखते. आडतीत धान्य मोजायच्या काट्यात सापडून मोडलेली, वैदूनं वाकडी बसवलेली. सकाळपासून जी उपरण्यात लपली होती.

लगेच मला कालच्या बाया आठवल्या. तोंडाला पदर लावून हसणाऱ्या. आणि कुणामुळं हसणाऱ्या. मी हात भिंतीवरून असा काढला, जणू पोळलाच.

६

"अण्णा, हॉलमध्ये ये."

"नको."

"ये म्हणते."

तो आला. दारात थांबला आणि फरशीकडं बघायला लागला. सकाळपासून त्या भिंतीकडं घरातल्या प्रत्येकानं बघितलं होतं, एकट्या अण्णानं नाही. माझ्या वसतिगृहातली कुठलीही नवी बाई हे ओळखू शकली असती. मला संध्याकाळ होत आली तरी दिसलं नव्हतं, कारण तो माझा भाऊ होता.

"वर आलाय हात," मी म्हणाले.

अण्णानं मान वर केली. बघितलं. आणि खाली, फरशीवरच बसला. सत्तरी ओलांडलेला माणूस, लहान पोरासारखा मांडी घालून.

तिथूनच बोलायला लागला. "ती गेल्यावर पूजा झाली की मी हात ठेवायचो. रोज. उजव्या हातावर उजवा. बोलायचं काय थोडंबहुत, दुकानाचं, पोरांचं. पन्नास माणसांसमोर तिच्याशी कधी दोन शब्द नीट बोललो न्हाई उमा. तवा लाज वाटायची. ती गेल्यावर भिंतीशी बोलाय लागलो."

"मग?"

"मग झिजाय लागला तो. माझ्यामुळंच. फिका पडला, बोटं जायला लागली. म्हणलं आता काय करू? देवघरातलं कुंकू पाण्यात कालवलं अन् भरला. माझ्याच हातानं, दुसरं काय होतं? दर महिन्या-दोन महिन्याला भरत गेलो. तिचा हात कवा गेला अन् माझा कवा आला, मला बी कळलं न्हाई." तो थांबला. "काल त्या बाया रांगेनं माझ्या हाताला डोकं टेकवायल्या. मी पंगतीत बसलेलो. तोंडातनं आवाज निघंना. अन् मग तू म्हणलीस..."

"मी थट्टा केली अण्णा."

"तुझी थट्टाच. पण मला वाटलं, उमाला कळलं. उमाला कळलं म्हणजे गावाला कळणार. म्हातारा बायकोचा हात म्हणून आपलाच हात कुरवाळत बसतो. पहाटे उठलो, डबा काढला."

आयुष्यभर पोरींच्या ट्रंका उघडून चोरी पकडणारी मी. हा गुन्हा माझ्या एका वाक्यानं घडला होता, आणि त्याचाच तपास मी दिवसभर करत होते. मला इतकी शरम वाटली की भावाच्या जवळ बसायचंही धाडस होईना.

पण पोरीचं काय?

"अन् सून चाललीय ते?"

अण्णानं दोन्ही तळवे चेहऱ्यावर घेतले. नखांच्या कडेला गुलाबी रंग वाळला होता. "सकाळी ती फरशी पुसत होती. माझे सांडलेले थेंब. शिल्पा ओरडली तवा मी दारातच होतो. आत्ता सांगतो, आत्ता सांगतो म्हणलं. तोंड उघडलं न्हाई माझं. कसा बाप्या मी?"

"अण्णा, अजून एक हाय, ते बी ऐक." मला ते सांगणं भाग होतं. "भरताना, हात ठेवताना, तुझ्या हाताचं कुंकू भवतालच्या भिंतीला लागत गेलं. पांढरी भिंत तिथं गुलाबी होत गेली. ते घरात एकीलाच दिसलं. आल्यागेल्यानं विचारलं असतं, हे डाग कशाचे म्हणून. तिनं आधी पडद्याचा विचार केला. मग त्या डागाचाच पापुद्रा काढला, दुकानात नेला आणि अख्खा हॉल त्याच रंगानं रंगवला. तुझा हात कुठं बी टेकला तरी कुणाला दिसू नये म्हणून. तिला पहिल्यापासनं ठाव हाय अण्णा. सकाळी बी ठाव होतं. म्हणून गप्प राहिली."

अण्णा सावकाश भिंतीकडं वळला. मग खिडकीच्या भिंतीकडं, मग समोरच्या. सगळीकडं तोच रंग. आता त्याला रडू आवरलं नाही, आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

७

रामलिंगअप्पा टोपी हातात घेऊन आत आले. माणूस भला, लेकीनं काय केलं ते न विचारताच माफी मागायच्या तयारीनं आलेला. "चुकलं असल पोरीचं," ते मल्लेशला म्हणाले, "आम्ही समजावून सांगू." मल्लेशनं नुसती मान हलवली. शिल्पा भिंतीला टेकून उभी. स्वप्नाली बॅग घेऊन खोलीतून आली आणि वडिलांच्या शेजारी थांबली.

मी तपासाचा निकाल सांगायला तोंड उघडलं. उपरणं बाजूला सारून अण्णानं मला हातानं थांबवलं.

तो देवघरात गेला. आत भांड्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा एका हातात कुंकवाची वाटी होती आणि उजवा हात मनगटापर्यंत लाल. तो भिंतीपाशी गेला, वर आलेल्या त्या डागावर हात नेला, आणि सगळ्यांदेखत दाबला. काढला तेव्हा गुलाबी भिंतीवर लाल हात होता, वाकड्या करंगळीचा. खालच्या डागाला तो बोटाबोटाला बसला होता.

शिल्पानं आधी ओळखलं. ती हळूच खाली बसली आणि तिनं पदरात तोंड घातलं. मल्लेश भिंतीकडं बघत राहिला, मग बापाच्या हाताकडं, मग बायकोच्या हातातल्या बॅगेकडं. तो दोन पावलं पुढं आला, बॅग घ्यायला हात केला आणि तसाच थांबला. घ्यावी की नाही हे त्याला कळेना.

"मी रंगवलं पोरी," अण्णा म्हणाला. तिच्याकडं न बघता. "अन् गप्प बसलो. तुला जायला लागलं असतं तरी गप्प बसलो असतो का काय, मलाच ठाव न्हाई."

स्वप्नाली त्याच्याकडं बघत होती. मी माझ्या कमरेला खोचलेल्या पाटल्या काढल्या, तिच्या हातात द्याव्यात म्हणून. तिची माफी कुठल्या शब्दांत मागायची ते मला सुचत नव्हतं. तिनं त्या घेतल्या, बॅग स्वतःच खाली ठेवली.

अण्णा मध्येच उभा होता. लाल हात अंगापासून दूर धरलेला, फडकं शोधत. उपरण्याला पुसावा तर ते पांढरं, धोतर पांढरं. कुठं पुसावा कळेना म्हणून तो एखाद्या चोरासारखा इकडंतिकडं बघत होता.

"मामा," स्वप्नाली म्हणाली, "भिंतीलाच पुसा. दिसत न्हाई."